‘गुऱ्हाळ’ छापून घेताना

वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत सात वह्या सापडल्या. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी आमचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. हंगाम लागला की वडील मुक्कामाला तिथंच असायचे आणि रात्रीच्या आदणाला, म्हणजे रस कढत असताना, जाग राहावी म्हणून लिहीत बसायचे. कुणाच्या उसाला किती गूळ उतरला, त्या आठवड्यात कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेत काय दर फुटला, चुलवाणाला, म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलीला, चिपाड कमी पडलं तेव्हा काय केलं, पाक झाल्याचं गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्यानं, कशावरून ओळखलं, असं सगळं. मी शाळेत मराठी शिकवते. वर्षश्राद्धाला या वह्यांचं ‘गुऱ्हाळ’ नावाचं पुस्तक करून भावकीत द्यायचं मी ठरवलं आणि शाळा सुटल्यावर रोज दोन-तीन पानं टाइप करत गेले.

टाइप करणं मला येत होतं. छापून घेणं हे त्याहून वेगळं काम आहे, हे मात्र तेव्हा माहीत नव्हतं.

दिवस थोडे उरले होते, म्हणून मी २५ प्रतींची ऑनलाइन ऑर्डर द्यायला बसले. समोर आलेल्या तक्त्यातला पहिला प्रश्न होता फिनिश्ड साइजचा, म्हणजे कापून तयार झालेल्या पुस्तकाच्या मापाचा. ए-फाइव्ह, डेमी, क्राउन. ए-फाइव्ह हा एकच शब्द ऐकलेला, म्हणून तोच निवडला. मग छपाई १+१ की ४+४? मुखपृष्ठ ४+० की ४+४? हे आकडे म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या रंगांची संख्या. १+१ म्हणजे दोन्हीकडे फक्त काळी शाई. ४+० म्हणजे एका बाजूला चाररंगी छपाई आणि दुसरी बाजू कोरी. हा अर्थ मला नंतर कळला. त्या रात्री मी बाजूला दिसणारी किंमत बघून पर्याय निवडत होते.

कागदाच्या ठिकाणी ७०, ८० आणि १०० जीएसएम असे पर्याय होते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. वडिलांच्या पुस्तकाला चांगला कागद हवा, म्हणून मी सगळ्यांत मोठा आकडा घेतला. तिथंच चुकलं. जाड कागद म्हणजे चांगला कागद नव्हे. हातात मावणाऱ्या लहान पुस्तकाला १०० जीएसएमचा कागद ताठ पडतो. पुस्तक उघडून ठेवलं की पानं आपोआप मिटतात आणि शिवणीकडचे शब्द वाचायला अंगठ्यानं दाबून धरावं लागतं. ८० चा मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा बिनचकाकीचा कागद, त्यातही किंचित पिवळसर छटेचा, डोळ्यांना आणि हातालाही बरा.

मुखपृष्ठ मी त्याच वेबसाइटवरच्या डिझाइनच्या सोयीत केलं. हिरव्यागार उसाचं चित्र, वर वडिलांचं नाव, खाली पुस्तकाचं नाव. फाइल चढवल्यावर प्रीफ्लाइट नावाची तपासणी झाली आणि हिरवी खूण आली. ती बघून मला वाटलं, कुणीतरी तपासलं. प्रत्यक्षात त्या तपासणीत फाँट फाइलमध्ये आहेत का, माप जुळतं का, चित्राचं रिझोल्यूशन पुरेसं आहे का, एवढंच बघितलं जातं. मराठी वाचायला तिथं कुणी बसलेलं नसतं. मग प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, आलं. रात्रीचे अकरा वाजले होते, चित्र छान दिसत होतं, मी ‘मंजूर’वर बोट ठेवलं. टर्नअराउंड, म्हणजे छापून द्यायची मुदत, ५ दिवस लिहिलं होतं. तेही प्रूफ मंजूर झाल्यापासून मोजायचे, सुट्ट्या वगळून, आणि कुरिअरचे दिवस त्यात नाहीत, हे रोज तारखा मोजताना समजलं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी खोकं आलं. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या फोटोपुढे एक प्रत ठेवली आणि एक तात्यांच्या हातात दिली. तात्या म्हणजे माझे चुलते, उभं आयुष्य काहिलीपाशी, म्हणजे रस कढवायच्या मोठ्या कढईपाशी, काढलेले. त्यांनी चष्मा लावला, नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, “बाळ, हे काय लिवलंय?”

मुखपृष्ठावर छापलं होतं ‘गुर्हाळ’. र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसला होता. २५ च्या २५ प्रतींवर. मी मराठीची शिक्षिका, आणि प्रूफ बघताना मी तो शब्द वाचलाच नव्हता. वर्षभर रोज टाइप केलेला शब्द, नजरेनं तो बरोबर आहे असं धरूनच पुढं नेलं. तात्या पुढं काही बोलले नाहीत. त्यांनी प्रत पिशवीत ठेवली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

बाकीच्या उणिवा दुसऱ्या दिवशी दिसल्या. वडिलांचं नाव वरच्या कडेला इतकं चिकटलं होतं की काही प्रतींत त्याची वेलांटी कापली गेली होती. डाव्या कडेला पांढरी बारीक पट्टी दिसत होती. पडद्यावरचा तेजस्वी हिरवा ऊस छापून शेवाळी झाला होता. मागच्या पानावरच्या बारीक काळ्या अक्षरांना निळसर-गुलाबी कड आली होती. आणि वडिलांचा फोटो, जो मला चुलतभावानं व्हॉट्सॲपवर पाठवला होता, धुरकट उतरला होता.

पुस्तक पुन्हा छापायचं, यावेळी ३०० प्रती, आणि समोर बसून छापून घ्यायचं, असं ठरवून मी शाहूपुरीतल्या एका जुन्या छापखान्यात गेले. शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. वडिलांच्या वहीत तिचं नाव पानोपानी आहे, त्यामुळे त्या गल्लीत शिरताना बरं वाटलं. छापखान्याचे मालक साठीच्या पुढचे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांनी खराब प्रत हातात घेतली, एकदा वाकवून बघितली, नखानं पाठीवरून फिरवलं आणि म्हणाले, “मॅडम, बसा. एकेक बघू. ह्यातलं कायबी न सुटण्यासारखं नाही.”

पहिल्यांदा त्यांनी मला कटिंग मशीनपाशी नेलं. पुस्तकांची चळत पात्याखाली दाबली जाते आणि पातं एकदम खाली येतं. वरच्या आणि खालच्या प्रतीत एखादा मिलिमीटर इकडंतिकडं होतोच. म्हणून जे चित्र कडेपर्यंत न्यायचं, ते कडेच्या बाहेरही ३ मिलिमीटर वाढवून ठेवायचं. यालाच ब्लीड म्हणतात. पातं थोडं बाहेर पडलं तरी तिथं रंग असतो, पांढरी पट्टी राहत नाही. आणि जे कापलं जाऊ नये, म्हणजे अक्षरं, ते कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत. कोपऱ्यांतल्या बारीक रेघा, क्रॉप मार्क, कुठं कापायचं ते दाखवतात. ऑनलाइन तक्त्यातही ब्लीडची लाल रेघ होती. ती मला नक्षीतली वाटली होती. पात्याचा आवाज ऐकल्यावर तिचा अर्थ लागला.

मग त्यांनी भिंग दिलं. मुखपृष्ठावरचा ऊस भिंगाखाली धरला तर तिथं हिरवा रंगच नव्हता. निळे आणि पिवळे ठिपके होते, मध्येच गुलाबी आणि काळे. छपाईत सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या चार शायांच्या ठिपक्यांतून सगळे रंग तयार होतात. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा हे उजेडाचे रंग. उजेडानं होणारा तो झगझगीत हिरवा या चार शायांच्या आवाक्यात येत नाही, म्हणून तो मंद होतो. फाइल आधीच सीएमवायकेत, म्हणजे याच चार शायांच्या रंगांत, केली तर निदान काय हाती येणार ते आधी दिसतं आणि त्याप्रमाणे रंग ठरवता येतो. आम्ही ऊस थोडा पिवळसर केला. सकाळच्या कोवळ्या उन्हातला वाटावा असा. मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

अक्षरांच्या रंगीत कडेचं कारणही त्याच भिंगात दिसलं. माझं काळं चार रंग मिसळून झालेलं काळं होतं. चार रंग एकावर एक छापताना केसभर सरकले, म्हणजे रजिस्टर हललं, की बारीक अक्षराच्या कडेला रंग डोकावतो. मजकूर नेहमी एकट्या काळ्या शाईत ठेवायचा.

फोटोचं गणित सोपं निघालं. आलेला फोटो ९६० पिक्सेल रुंद होता. छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे तो जेमतेम सव्वातीन इंच चांगला छापला गेला असता. मी तो साडेपाच इंच ताणला होता. घरी जाऊन मूळ फोटो शोधला, पोस्टकार्डाएवढा, मागे डिंकाचे डाग. तो ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके धरून, स्कॅन करून घेतला तेव्हा वडिलांच्या धोतराला लागलेली मळीसुद्धा दिसू लागली.

नावातल्या चुकीचं कोडं मात्र छापखान्यातल्या डीटीपी करणाऱ्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं मांडणाऱ्या, मुलीनं सोडवलं. जेमतेम पंचविशीची असेल. ती म्हणाली, “ताई, हा अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो.” एका तऱ्हेत खाली टिंब असलेलं ऱ हे अक्षर आणि हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह. ऑनलाइन सोयीत मजकूर चिकटवताना ते अदृश्य चिन्ह गळून गेलं की र चा सरळ रफार होतो. माझ्या टायपिंगमध्ये दोन्ही तऱ्हा मिसळल्या होत्या. तिनं माझ्यासमोर सगळ्या फाइलभर शोध लावून अदृश्य चिन्हाची तऱ्हा काढली आणि पहिलीच तऱ्हा सगळीकडे ठेवली. मग मी एका कागदावर पुस्तकातले असे शब्द उतरवून काढले: गुऱ्हाळ, शेतकऱ्याला, पायऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्या, पुऱ्या, कोऱ्या. प्रूफ येईल तेव्हा आधी हे शब्द, मग बाकीचं.

काका ऐकत होते. त्यांनी कपाटातून लाकडी केस, म्हणजे खिळे ठेवायचा खणांचा ट्रे, काढली. खिळ्यांची छपाई होती तेव्हा या अर्ध्या र ला केसमध्ये स्वतःचं वेगळं घर होतं. त्यांनी तो खिळा माझ्या तळहातावर ठेवला. शिशाचा, जड, अक्षर उलटं. “हा कधी हरवायचा नाही,” ते म्हणाले. “जुळाऱ्याचा हात आपोआप तिकडं जायचा.” ऑफसेटची ॲल्युमिनियमची प्लेट दाखवली तर तिच्यावर अक्षर सुलटं होतं. मला नवल वाटलं. प्लेट कागदाला टेकतच नाही. तिच्यावरचं अक्षर आधी रबरी ब्लँकेटवर उमटतं, तिथं उलटं होतं, आणि ब्लँकेटवरून कागदावर पुन्हा सुलटं. ऑफसेट हे नाव त्यावरूनच. प्लेटवर जिथं अक्षर नाही तिथं पाणी बसतं, आणि तेलकट शाई पाण्यावर धरत नाही. मी बराच वेळ त्या मशीनपाशी उभी राहिले.

आकाराचा प्रश्न निघाला तेव्हा काकांनी माझ्या ए-फाइव्हवर काट मारली. आपल्याकडे पुस्तकाचा कागद २३ बाय ३६ इंची येतो. त्याचा अर्धा १८ बाय २३. त्यावर एका बाजूला आठ आणि पाठीमागे आठ अशी १६ पानं बसतात, तो एक फॉर्म. २३ इंचांत चार पानं आडवी बसवायची तर ५८४ मिलिमीटर मिळतात. ए-फाइव्ह १४८ मिलिमीटर रुंद, चार पानांना ५९२ लागतात. म्हणजे कापायला जागा सोडायच्या आधीच ८ मिलिमीटर कमी. त्यासाठी मोठा कागद घ्यावा लागतो आणि बराच वाया जातो. डेमी साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १४० मिलिमीटर रुंद. चार पानं बसून कटिंगपुरती जागा उरते. आपल्याकडची इतकी पुस्तकं डेमीत का असतात, हे मला त्या दिवशी कळलं. कागदाच्या मापातूनच तो आकार आला आहे.

डेमीत नव्यानं मांडणी केली तेव्हा पानं झाली १३१. १६ नं भाग जात नाही. काका म्हणाले, “तीन काढा, नाहीतर तेरा भरा. दोन्ही नको असतील तर अर्धा फॉर्म करू, पाच भरा.” आठ फॉर्म म्हणजे १२८, नऊ म्हणजे १४४, आणि साडेआठ म्हणजे १३६. अर्ध्या फॉर्मची युक्ती मला फार आवडली. आठही पानं एकाच प्लेटवर लावायची, कागद छापायचा, उलटवून तीच प्लेट पाठीमागे छापायची आणि कागद मधोमध कापायचा. एका कागदातून दोन प्रतींचे अर्धे फॉर्म मिळतात आणि एक प्लेट वाचते. याला ते वर्क अँड टर्न म्हणतात. आमच्या पुस्तकाला आतल्या मजकुराच्या १६ अधिक १ अशा १७ प्लेटा लागल्या, मुखपृष्ठाच्या चार.

पाच पानं कशानं भरायची याचा विचार मला फार करावा लागला नाही. वडिलांच्या सातव्या वहीत गुऱ्हाळातल्या शब्दांची यादी होती. चुलवाण, काहिल, आदण, मळी, काकवी, वाफा, रवा. रस साफ करायला भेंडीचा चीक कधी टाकायचा, तेही त्यात होतं. पहिल्या वेळी मी ती यादी गाळली होती, कोण वाचणार म्हणून. महिनाभर फॉर्म, ब्लीड, रजिस्टर असे शब्द शिकून आल्यावर मी ती पुन्हा वाचली तेव्हा प्रत्येक शब्दामागे कुणाचा तरी हात दिसू लागला. यादी बरोबर पाच पानांत बसली.

कागदाचा हिशेब काकांनी पाकिटाच्या पाठीवर केला. एका प्रतीला १८ बाय २३ चे साडेआठ कागद, ३०० प्रतींना २५५०. मोठ्या कागदाचे १२७५. रीम ५०० कागदांची, म्हणजे अडीच रीमच्या थोडं वर, आणि मशीन लावताना जाणारं वेस्टेज धरून तीन रीम. ८० जीएसएमची ही रीम २१ किलोच्या वर भरते, त्यामुळे कागदवाल्याशी बोलणं किलोतच होतं. ऑफसेटला ३०० प्रती का परवडतात तेही तिथंच उमगलं. प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच पडतो, प्रती वाढल्या की तो वाटला जातो. २५ प्रतींना डिजिटलच बरं. तिथं प्लेट नसते आणि प्रत्येक प्रतीचा खर्च जवळपास सारखाच राहतो. २५ प्रती ऑनलाइन डिजिटलवर काढण्याचा माझा निर्णय त्या अर्थानं चुकीचा नव्हता. वाचल्याशिवाय मंजुरी दिली, ती चूक.

यावेळी प्रूफ कागदावर घेतलं. तीन वेळा. पहिल्यांदा मी वाचलं, दुसऱ्यांदा शाळेतल्या एका सहकारी बाईंनी, ज्यांनी आधी हा मजकूर बघितलेला नव्हता. त्यांना सोळा चुका सापडल्या. तिसऱ्यांदा माझी ऱ ची यादी घेऊन मी पानापानावर पेन्सिल टेकवत गेले आणि शेवटी मुखपृष्ठ मोठ्यानं वाचलं, एकेक अक्षर सुटं करून. मग प्रत्येक पानावर सही केली. प्लेटा निघाल्यावर सापडलेली चूक म्हणजे नवी प्लेट, हे काकांनी बजावलं होतं.

बांधणीला जुजबंदी घेतली. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फॉर्मच्या घड्या पाठीकडून कापून टाकतात आणि सुट्या पानांना गरम डिंक लावतात. जुजबंदीत घडी तशीच राहते आणि दोरा घडीतून जातो, त्यामुळे पुस्तक पूर्ण उघडतं. तात्यांच्या हाताला आता जोर नाही. त्यांना पुस्तक दाबून धरावं लागू नये, एवढंच मनात होतं. जुळवणीच्या वेळी मी तिथं होते. प्रत्येक फॉर्मच्या घडीवर एक काळी पट्टी छापलेली असते, दर फॉर्मला थोडी खाली. सगळे फॉर्म क्रमानं लागले की पाठीवर पायऱ्या दिसतात. एखादा फॉर्म राहिला किंवा मागेपुढे झाला की पायरी तुटते. बांधणाऱ्या मावशी पानं बघतच नव्हत्या, फक्त त्या पायऱ्या.

पाठीची जाडी सगळ्यांत शेवटी ठरली. १३६ पानं म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले ६८ कागद, प्रत्येकी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणून ७ मिलिमीटरच्या आसपास. पण काकांनी आकड्यावर भरवसा ठेवला नाही. त्याच कागदाची कोरी डमी बांधली, पट्टी लावून मोजली आणि मगच मुखपृष्ठाची फाइल पक्की केली. मुखपृष्ठ ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डवर, मॅट लॅमिनेशन, आणि पाठीच्या दोन्ही कडांना क्रीझिंग, म्हणजे घडीसाठी आधी पाडलेली खाच, नाहीतर जाड कागद घडीवर फाटतो. स्पॉट यूव्ही, म्हणजे ठरावीक जागी चकाकणारा लेप, नको म्हटलं. गुऱ्हाळाला कसली चकाकी.

३०६ प्रती झाल्या. पहिली घेऊन मी रविवारी गावी गेले. तात्यांनी चष्मा लावला, नाव वाचलं, मग सरळ शेवटच्या पाच पानांवर गेले. पुस्तक मांडीवर उघडं राहिलं, हात न लावता. अर्धा तास ते यादी वाचत होते, मध्येच एखादा शब्द मोठ्यानं म्हणत होते. दोन शब्द राहिलेत म्हणाले. ते मी लिहून घेतलेत.

आता दुसऱ्या आवृत्तीची गोष्ट निघाली आहे. अंतिम पीडीएफ मी पेनड्राइव्हवर ठेवली आहे आणि फाइलच्या नावातच कागद आणि पाठीची जाडी लिहिली आहे, कारण काकांनी निघताना सांगितलं होतं, “कागद बदलला तर पाठ परत मोजा, मॅडम. जुन्या मापावर जाऊ नका.”